जुनी पेट्रोल-सीएनजी गाडी मिसिंग करते? पार्ट बदलण्याआधी तपासणीचा क्रम

सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन ठराविक लयीत थरथरतं, गिअरची दांडी नाचते. सायलेन्सरचा सलग आवाज तुटतो आणि मधला एक ठोका गळतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी ओढ घ्यायच्या ऐवजी झटके देते. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडतं आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन प्रत्येक वेळी जळत नाही.

फसवणारी लक्षणंही आहेत. गिअर टाकून क्लच सोडताना तेवढ्यापुरतीच थरथर होत असेल तर क्लच प्लेट बघा. ८०-१०० च्या वेगातच स्टिअरिंग हलत असेल तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या. इंजिनाचा फाउंडेशन रबर, म्हणजे माउंटिंग, तुटलं असेल तर गाडी हलते, पण सायलेन्सरचा ठोका एकसारखा राहतो. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, मुळातच चार सिलिंडरपेक्षा जास्त हलतं. जुन्या चार सिलिंडरच्या गाडीवरून नव्या तीन सिलिंडरवर आलेले लोक ही थरथर दोष समजतात. शंका असेल तर न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. निरोगी इंजिनात ती एका लयीत फडफडते. मिसिंग असेल तर मधेच ढिली पडते, कधी आत ओढलीही जाते.

दिवा स्थिर आहे की उघडझाप करतो?

स्थिर दिवा असेल तर सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा उघडझाप करत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जातंय आणि तिथं पेटतंय. आतली जाळी त्या उष्णतेनं वितळते. वितळलेली जाळी धुराची वाट अडवते आणि मग प्लग आणि त्याला ठिणगीचं व्होल्टेज देणारी कॉइल नवी असली तरी गाडी ओढत नाही. प्लग-कॉइलचा खर्च काही हजारांत बसतो, कन्व्हर्टरचा त्याच्या कितीतरी पट होतो. कसारा घाट चढताना दिवा लुकलुकायला लागला तर ‘इगतपुरीपर्यंत काढू’ असा विचार करू नका. थांबा, इंजिन बंद करा, टोइंग मागवा.

मिसिंग केव्हा होतं ते आधी लिहून ठेवा

याला खर्च शून्य येतो आणि अर्धं निदान इथंच होतं. तरी ही पायरी सर्रास वगळली जाते आणि सरळ प्लगला हात घातला जातो.

फक्त आयडलिंगला मिसिंग आणि रेस केल्यावर बरं वाटत असेल, तर कुठून तरी जादा हवा आत शिरतेय किंवा एखादा वॉल्व्ह नीट बसत नाहीये. फक्त चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला झटके येत असतील तर स्पार्क कमजोर आहे. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबलेल्या हवेत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडवर गुळगुळीत चालणारी गाडी वणीच्या सप्तशृंग गडाच्या घाटात अडखळते. सपाट हायवेवर फक्त जोरात पळवताना दम सुटत असेल तर इंधन कमी पडतंय. थंड इंजिनाला पहिली एक-दोन मिनिटंच मिसिंग होऊन नंतर सगळं ठीक होत असेल, तर गळका इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधली सीलची पट्टी) झिरपणारं कूलंट यांचा संशय घ्यायचा. गरम झाल्यावरच मिसिंग सुरू होत असेल तर तापून तुटणारी कॉइल किंवा टाइट झालेले टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग).

सीएनजी गाडीत अजून एक प्रश्न विचारायचा, आणि तो सगळ्यात कामाचा आहे: मिसिंग पेट्रोलवर, गॅसवर की दोन्हीवर?

गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळं थकलेली कॉइल किंवा झिजून गॅप वाढलेला प्लग गॅसवर आधी उघडा पडतो आणि पेट्रोलवर काही महिने खपून जातो. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर आधी प्लग-कॉइल, मग गॅसचा फिल्टर, गॅस इंजेक्टर, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग). फक्त पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर लोण्यासारखी चालत असेल तर स्पार्क आणि कंप्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) जवळपास निर्दोष सुटतात आणि दोष पेट्रोलच्या बाजूला उरतो. रोज गॅसवर फिरणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर वापराविना चिकटतात. टाकीत कायम शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल ठेवायची सवय तर पंपाला मारकच, कारण आजूबाजूचं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या टाकीतला मळ सोडवून पंपाच्या जाळीपर्यंत आणतं. दोन्ही इंधनांवर सारखंच मिसिंग असेल तर स्पार्क, हवेची गळती आणि कंप्रेशन, याच क्रमानं जा.

हाताशी असलेल्या तपासण्या

बॉनेट उघडा. बॅटरीचे टर्मिनल हातानं हलवून बघा, पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यानं धुऊन कोरडं करा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थची पट्टी गंजलेली किंवा सैल असेल तर कॉइलला पूर्ण करंट मिळत नाही. मल्टिमीटर असेल तर चालू इंजिनावर बॅटरीत साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

मग वायरिंग. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा मळ्यात आठवडा-आठवडा उभी राहणारी गाडी उंदरांना सापडते, आणि इंजेक्टर-कॉइलच्या बारीक वायरी त्यांना पहिल्या मिळतात. इंजिनावर लेंड्या दिसल्या तर प्रत्येक वायर हातानं चाचपून बघा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं इंजिन धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू झालं असेल तर प्लगच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं असण्याची शक्यता मोठी. कॉइल काढा, कॉम्प्रेसरच्या हवेनं खड्डे कोरडे करा, एवढ्यानंच काम भागतं.

एअर फिल्टर बघाच, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. इंजेक्शनच्या गाडीत चोंदलेला फिल्टर पिकअप खातो, एकट्या सिलिंडरचं मिसिंग सहसा करत नाही. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) रबरी पाइप मात्र घडी उलगडून तपासा. लाखाच्या पुढं गेलेल्या गाडीत त्याला चिरा पडतात, आणि त्या इंजिन हललं की उघडतात.

स्कॅनर

२०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट स्टिअरिंगखाली मिळतं. मोबाइलला जोडायचा साधा ब्लूटूथ अडॅप्टर काहीशे ते हजार रुपयांत येतो आणि एका चुकीच्या कॉइलच्या खर्चात पैसे वसूल करतो.

स्कॅनर दोषाचा कोड दाखवतो. पी ०३०१ ते पी ०३०४ या कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला बांधलेलं नाही. तेव्हा कॉइलमागे न लागता हवा, इंधनाचा दाब, सेन्सर असं सामाईक कारण शोधायचं. एक नंबरचं सिलिंडर सहसा टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूचं असतं, तरी गाडीच्या पुस्तकात खात्री करा. उलट्या बाजूनं मोजून चांगली कॉइल फेकून दिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कोडपेक्षा फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, जास्त सांगून जातो. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर हवेची गळती आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यानं मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) व्हॅक्यूम जास्त असतो आणि चोरवाटेची हवा एकूण हवेच्या मानानं मोठी ठरते. रेस वाढली की तिचा वाटा नगण्य होतो. उलट, आयडलिंगला ठीक आणि भाराखाली ट्रिम वर चढत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर इंधन पुरवू शकत नाहीयेत. हे आकडे बघण्याआधी कोड पुसू नका, कोडबरोबर शिकलेले ट्रिमही पुसले जातात.

स्कॅनर नसेल तर चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरचं कनेक्टर पाच-सात सेकंद काढून परत लावा. ज्याचं काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच बंद आहे. चालू गाडीत प्लगची टोपी उपसून बघायची जुनी पद्धत मात्र सोडा. तिथं हजारो व्होल्ट असतात, झटका जीवघेणा ठरू शकतो. वाट न मिळालेली ठिणगी कॉइललाही जाळते आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं.

अदलाबदल: फुकटची आणि सर्वांत पक्की चाचणी

समजा पी ०३०३ आला. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या. तीन नंबरची कॉइल एक नंबरला आणि एकची तीनला लावा. फक्त कॉइल हलवा, प्लग तिथंच राहू द्या. कोड पुसा, गाडी त्याच परिस्थितीत चालवा ज्यात मिसिंग होत होतं. आता पी ०३०१ आला तर कॉइल दोषी. पी ०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल करा. दोन्ही एकदम हलवले तर कोड सरकेल, पण दोष कुणाचा ते कळणार नाही.

काही जुन्या गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडर सांभाळते, चार सिलिंडरमध्ये १-४ आणि २-३ अशी जोडी. मिसिंग नेमकं जोडीत असेल तर थेट कॉइल पॅककडे बोट जातं. एकाच सिलिंडरचं असेल तर लीड (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर) किंवा प्लग. एचटी लीडची परीक्षा रात्री अंधारात घ्या: इंजिन चालू ठेवून स्प्रे बाटलीनं लीडवर पाण्याचा बारीक तुषार मारा, हात दूर. फुटलेल्या लीडवरून निळ्या ठिणग्या हेडवर उडताना दिसतात. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसाळी हवेत मिसिंग आणि उन्हाळ्यात काही नाही, असं असेल तर ही चाचणी पहिली करा.

प्लग काढताना आणि वाचताना

इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय प्लगला पाना लावू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे ओरबाडले जातात. आधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली माती सिलिंडरमध्ये पडेल. पाना बहुतेक १६ किंवा २१ एमएमचा लागतो. काढलेले प्लग पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ अशा क्रमानं मांडा, कारण खरी माहिती त्यांच्यातल्या फरकात असते.

फिक्कट तपकिरी म्हणजे ठीक. गॅसवर चालणाऱ्या गाडीत प्लग पांढुरका दिसतो, त्याला घाबरायचं नाही. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलनं ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही. ऑइलनं काळाकुट्ट चिकट असेल तर रिंग किंवा वॉल्व्ह सील गेलेत. बाकी तिन्ही मळके आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असण्याचा दाट संशय घ्या. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीसारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न पडता बाहेरून हेडवर उतरतेय. अशा वेळी प्लग आणि कॉइलचं रबरी बूट दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुन्यावरचा कार्बनचा माग नव्यालाही खराब करतो.

खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळीचे सील गेलेत. ते न बदलता नवी कॉइल लावली तर ऑइलमध्ये तिचंही रबर फुगतं, आणि काही महिन्यांत तेच दुखणं परत येतं. वारंवार कॉइल जाणाऱ्या गाड्यांत हे कारण हमखास सापडतं.

साधे निकेलचे प्लग २०-३० हजार किलोमीटरला बदलायचे, इरिडियम त्याहून बरेच जास्त चालतात. गॅसवर दोन्हींचं आयुष्य कमी धरा. गॅप पुस्तकात दिलाय तोच ठेवा. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत ०.७ ते ०.८ एमएम ठेवायची पद्धत आहे, कंपनी फिटेड सीएनजीत कंपनीचाच आकडा पाळा. इरिडियमची टोकाची तार केसासारखी बारीक असते, तिच्यावर जोर देऊन गॅप करू नका. वॉशरवाला नवा प्लग आधी हातानंच शेवटपर्यंत फिरवा, मग पान्यानं साधारण अर्धा फेरा. हातानं फिरत नसेल तर आटे तिरके बसलेत, तिथंच थांबा. खोक्यावरचं छापील नाव बघून बाजारात भुलू नका. नकली प्लग भरपूर आहेत आणि पक्क्या बिलाशिवाय ते परत देता येत नाहीत.

हवा आणि पेट्रोल

कुठं सुंई असा आवाज येतो का ते ऐका. मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये ओढणारा) पाइप यांवर आयडलिंगला पाण्याचा बारीक स्प्रे मारा, कॉइल आणि कनेक्टर टाळून. ज्या जागी इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो तिथं गळती. कार्ब क्लीनर मारून हीच चाचणी जास्त ठळक होते, पण गरम सायलेन्सरजवळ ते पेट घेतं. घरी पाणीच बरं.

इंजेक्टरवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावा, प्रत्येकाची टिकटिक सारखी यायला हवी. एखादा मुका असेल तर कनेक्टर काढून त्याचा रेझिस्टन्स बाकीच्यांशी ताडून बघा. बहुतेक गाड्यांत तो १२ ते १६ ओहमच्या आसपास असतो. टिकटिक आहे पण सिलिंडर मंद आहे, तर इंजेक्टर चोंदलेला. तेव्हा अल्ट्रासॉनिक क्लीनिंग करून घ्या, आणि आधीचा-नंतरचा फवारा नळ्यांमध्ये मोजून दाखवणाऱ्याकडेच द्या. टाकीत ओतायच्या क्लीनरनं थोडा फरक पडतो, चिकटलेला इंजेक्टर सुटत नाही.

घरच्या घरी करायचं काम इथं संपतं. इंधनाची लाइन, रेल, पंप उघडणं गॅरेजवर सोडा, आतलं पेट्रोल दाबाखाली असतं. सीएनजीच्या नळ्यांना तर पानाच लावू नका. टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो, ते काम अधिकृत सीएनजी सेंटरचंच.

कंप्रेशन: मेकॅनिककडे, पण आकडे लिहून घ्या

स्पार्क, हवा, इंधन सगळं ठीक निघालं आणि एकच सिलिंडर मिस होतंय, तर कंप्रेशन टेस्टशिवाय पुढचा एकही पार्ट घेऊ नका. नीट केलेल्या टेस्टमध्ये इंजिन गरम असतं, चारही प्लग बाहेर असतात, इंधन आणि इग्निशन बंद केलेलं असतं, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी दमदार. प्रत्येक सिलिंडरला सारखेच चार-पाच फेरे द्यायचे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथं हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास ७ टक्के कमी, म्हणून पुस्तकात १८० पीएसआय लिहिलं असेल तर निरोगी इंजिनही इथं १६५-१७० च्या घरात दाखवेल. एवढ्यावरून कुणी हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिन उघडून रिंग-पिस्टन बदलण्याचा, खर्च सांगत असेल तर ऐकू नका. चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: १६८, १६५, १७०, १६४ ठीक आहे. १६८, १६५, ११०, १६४ असेल तर तीन नंबरमध्ये दोष आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात. तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारची दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असतं. चारही सारखेच फार कमी असतील तर टायमिंग सरकलंय का ते आधी बघायचं आणि तोवर स्टार्टरही मारायचा नाही, कारण बऱ्याच इंजिनांत सरकलेल्या टायमिंगनं पिस्टन वॉल्व्हवर आपटतो.

जास्त चाललेल्या सीएनजी गाडीत हेड उतरवण्याआधी टॅपेट क्लिअरन्स मोजायला लावा. गॅसवर वॉल्व्ह आणि त्याची सीट झिजून वॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स कमी-कमी होत जातो. गरम झाल्यावर वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि आयडलिंगला मिसिंग सुरू होतं. लोक खडखडणाऱ्या टॅपेटला घाबरतात, पण गॅसच्या गाडीत अगदी शांत झालेले टॅपेट जास्त काळजीचे. वेळेत क्लिअरन्स लावला तर काम थोडक्यात निभतं, उशीर केला तर वॉल्व्ह जळतो आणि हेड लेथवर न्यावं लागतं. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात ही सेटिंग नसते.

कूलंट वारंवार कमी होणं, पहाटेच्या स्टार्टला पांढरा दाट धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय, किंवा तापमानाचा काटा वर जाणं, यातलं काहीही मिसिंगबरोबर दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका. गरम रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सायलेन्सरमधून वाफ येतेच, ती काही मिनिटांत विरते. गरम इंजिनावरही धूर टिकला आणि गोडसर वास आला तर तो कूलंटचा.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी भाराखाली चालवा, चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, आणि घरी येऊन पेंडिंग कोड पुन्हा वाचा. कायमचा दिवा लागण्याआधी मिसिंग तिथं नोंदलं जातं. मिसिंग बरेच दिवस चाललं असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी खुणेच्या वर गेली असेल तर सिलिंडरमधून पेट्रोल खाली उतरलंय. सर्व्हिसची तारीख लांब असली तरी ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून टाका.